घंटा वाजेपर्यंत

१९१३च्या नोव्हेंबरात पॅरिसमध्ये ग्रासे नावाच्या प्रकाशकानं एक जाडजूड कादंबरी बाजारात आणली. छपाईचा खर्च लेखकानंच उचलला होता, कारण मोठ्या प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं होतं. स्वाक्षरी केलेल्या प्रती शहरातल्या बड्या घरी पोचवायच्या होत्या. लेखकाला नेहमी टॅक्सीतून फिरवणाऱ्या ओदिलों अल्बारेचं त्याच वर्षी मार्चमध्ये लग्न झालं होतं, आणि त्याची बायको पॅरिसला आल्यापासून घरात नुसती कुढत बसली होती. लेखकाच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा त्यानं सुचवलं, तिला हे काम द्या, तेवढंच बाहेर पडणं होईल. अशा रीतीनं सेलेस्त अल्बारे नावाची बावीस वर्षांची बाई मार्सेल प्रूस्तच्या उंबऱ्यापाशी आली, तीही कुणाच्या तरी घरकामाला म्हणून नव्हे, तर जीव रमावा म्हणून.

तिचा जन्म १७ मे १८९१चा, गाव ओक्सिलाक. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातला लोझेर जिल्हा हा तेव्हाही आणि आजही विरळ वस्तीचा मुलूख. थंडी, दगडी घरं, गुरं, ओढे. सेलेस्त शेतकऱ्याच्या घरातली, आईची लाडकी. स्वयंपाक येत नव्हता, घर चालवणं माहीत नव्हतं, हे तिनंच पुढे मोकळेपणानं सांगितलं आहे. अशा मुलीला नोकर म्हणून ठेवावं असं पॅरिसमधल्या कुठल्याही गृहिणीला वाटलं नसतं.

त्या काळचं पॅरिस घरनोकरांच्या जिवावर चालत होतं. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये घरकाम करणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास होती आणि त्यांत बायकाच जास्त. गरीब जिल्ह्यांतल्या मुली आगगाडीनं राजधानीत उतरायच्या. मोठ्या इमारतींना मालकांचा एक जिना आणि नोकरांचा वेगळा जिना. छपराखालच्या सहाव्या मजल्यावर त्यांच्या खोल्या, उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात बर्फ. १९०६मध्ये कामगारांना आठवड्याची सुटी देणारा कायदा झाला, पण तो कारखान्यांना आणि दुकानांना लागू होता. घरातली मोलकरीण त्यातून वगळलेली. तिची सुटी धन्याच्या मर्जीवर. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवलेली बरी, कारण सेलेस्तची गोष्ट सांगताना तिच्या त्यागाचे गोडवे गाण्याचा मोह फार होतो, आणि तो त्याग ज्या व्यवस्थेत घडला ती नजरेआड होते.

१९१४च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं. ओदिलों लढाईवर गेला. प्रूस्तचा नोकर निकोला कोतँ यालाही बोलावणं आलं. बुलव्हार ओसमानवरच्या १०२ क्रमांकाच्या घरात दम्यानं जर्जर झालेला, रात्रभर जागणारा, त्रेचाळीस वर्षांचा लेखक एकटा पडला. सेलेस्त राहायला आली ती तात्पुरती म्हणून. सप्टेंबरात ती त्याच्याबरोबर समुद्रकाठच्या काबूर गावी गेली. तिथल्या ग्रँड हॉटेलात तो दर उन्हाळ्याला जायचा. या खेपेला हॉटेलात जखमी सैनिक होते, आणि परतीच्या प्रवासात गाडीत त्याला दम्याचा असा झटका आला की सेलेस्त घाबरून गेली. घरी पोचल्यावर त्यानं तिला सांगून टाकलं की आता आपण पुन्हा काबूरला जाणार नाही. काबूरच काय, त्यानंतर तो पॅरिसबाहेर जवळजवळ कुठेच गेला नाही. दार लागलं, आणि त्याच्याबरोबर तीही आत राहिली ती आठ वर्षं.

आत म्हणजे कसं, ते सांगायला हवं.

झोपायच्या खोलीच्या भिंतींना आणि छताला बुचाचे तक्ते ठोकले होते, रस्त्यावरचा आवाज येऊ नये म्हणून. खिडक्यांच्या झडपा बंद, त्यावर जाड निळे पडदे. तो खोलीत असेपर्यंत खिडकी उघडायची नाही. दम्यासाठी लग्रा नावाची पूड जाळून तो धुरी घ्यायचा. सेलेस्त पहिल्यांदा कॉफी घेऊन आत गेली तेव्हा धुरात तिला फक्त पांढरा सदरा आणि एक हलणारा हात दिसला. पूड पेटवायला काडी ओढायची नाही, कारण गंधकाचा वास त्याला सोसत नसे. म्हणून बाहेर बोळात एक मेणबत्ती रात्रंदिवस तेवत ठेवलेली. मेणबत्त्यांची खोकीच्या खोकी आणावी लागत. झाडलोट करायची ती तो बाहेर गेला तरच. तो बाहेर जायचा रात्री दहाला, म्हणजे केर काढायची वेळ मध्यरात्र.

कॉफीचं तर शास्त्रच होतं. कॉर्सले या एका दुकानाचीच कॉफी, बारीक दळलेली, गाळणीत घट्ट दाबून भरलेली. वरून पाणी थेंबथेंब सोडायचं, म्हणजे खाली अर्क उतरे. हा अर्क चांदीच्या भांड्यात, वेगळ्या भांड्यात गरम दूध, आणि एक क्रॉसां. तो दुपारी चारच्या सुमारास उठे, पण नक्की कधी हे कुणीच सांगू शकत नसे, त्यालाही ते माहीत नसे. घंटा वाजली की कॉफी तयार पाहिजे. लवकर केली आणि त्याला उशीर झाला तर ती शिळी, ओतून द्यायची आणि पहिल्यापासून सुरुवात. सेलेस्तचं असं सांगणं आहे की पुष्कळ दिवस चोवीस तासांत त्याच्या पोटात एवढंच जाई, दूध-कॉफी, आणि पुढेपुढे तर क्रॉसांही बंद झाला. स्वयंपाक न येणाऱ्या बाईला ठेवण्यात त्याची काही गैरसोय झाली नाही, ती अशी.

आणखी पुष्कळ होतं. पायाशी गरम पाण्याच्या पिशव्या, ऊब दिलेले लोकरी कपडे. तोंड पुसायला टॉवेलांची चळत: एकदा टेकवलेला टॉवेल पुन्हा वापरायचा नाही. दारावर येणाऱ्याला काय सांगायचं हे शब्द न शब्द ठरलेलं. पुढे त्यानं घरातला फोन काढून टाकला, तेव्हा निरोप सांगायला तिनं जवळच्या कॅफेत जायचं, त्यानं जसं सांगितलं तसंच बोलायचं. बोलता बोलता तिच्या आवाजाला त्याचीच धाटणी आली, असं ओळखीची माणसं म्हणू लागली.

त्याचा दिवस म्हणजे जगाची रात्र. म्हणून तिचाही. सकाळी आठ-नऊला तो निजला की ती निजायची आणि दुपारी त्याच्या आधी उठायची. डोंगरात वाढलेल्या मुलीनं ऊन सोडलं. विशीतली बाई, नवरा आघाडीवर, आणि घरात चालताना पावलाचाही आवाज होऊ द्यायचा नाही.

हे सगळं वाचून कुणालाही वाटेल की प्रूस्तनं तिला पिळून घेतलं. मला वाटतं, घेतलंच. तो अत्यंत सौजन्यानं वागे, क्षमा मागे, आभार मानी, भेटी देई. पण घंटा वाजवायचा तोच, आणि त्या घंटेला वेळकाळ नव्हता. पलंगावर उशांना टेकून तो बोलायचा आणि ती पायथ्याशी उभी राहायची, कधी कधी तासन्‌तास. रिट्झ हॉटेलातून किंवा एखाद्या सरदारणीच्या मेजवानीतून पहाटे दोन-तीनला परत आला की तिथे कोण काय बोललं, कुणाच्या डोक्यावर कसली टोपी होती, कोण कुणाला टाळत होतं, हे सगळं नकलांसह तिला ऐकवी. सेलेस्त हसायची, शेरे मारायची, प्रश्न विचारायची. सकाळ व्हायची.

मात्र त्या उभ्यानं ऐकण्यात नुसती चाकरी नव्हती. कागदावर उतरण्याआधी कादंबरीतल्या माणसांची तालीम तिच्यासमोर होत होती. आणि तिला माणसं कळत. साहित्यिक आंद्रे जीद पहिल्यांदा दारात आला तेव्हा अंगावरच्या लोकरी झग्यामुळे तो तिला ढोंगी साधूसारखा दिसला, आणि तिनं ते धन्याला तसंच सांगितलं. १९१२मध्ये याच जीदच्या मंडळींनी प्रूस्तचं हस्तलिखित नाकारलं होतं, हे तिला ठाऊक होतं. त्याबद्दल तिनं त्याला कधी माफ केलं नाही. लेखकानं केलं.

युद्धाच्या काळातले दोन प्रसंग तिच्या आठवणींत फार ठसठशीत आहेत. जर्मन हवाई हल्ल्याच्या एका रात्री प्रूस्त पायी घरी आला. इमारतीतली माणसं तळघरात लपली होती. सेलेस्तनं दार उघडलं तर त्याच्या टोपीच्या कडेत तोफगोळ्यांच्या कपच्या अडकलेल्या. तिनं घाबरून विचारलं, भीती नाही वाटली? त्याला ते दृश्य सुंदर वाटलं होतं. दुसरा प्रसंग संगीताचा. एका रात्री त्याला सेझार फ्रांकची रचना ऐकायची हुक्की आली. व्हायोलिनवादक गास्तों पूले आणि त्याच्या तीन साथीदारांना मध्यरात्री अंथरुणातून उठवून टॅक्सीतून आणलं गेलं. बुचाच्या भिंतींच्या घरात मैफल झाली, डोळे मिटून ऐकणारा एकटा तो. वादकांना खायला-प्यायला देणारी सेलेस्त.

१९१९मध्ये प्रूस्तच्या मामीनं बुलव्हार ओसमानची इमारत एका बँकवाल्याला विकली आणि बिऱ्हाड मोडावं लागलं. थोडे महिने एका जागी काढून ते र्यू आम्लँवरच्या ४४ क्रमांकाच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर गेले. त्याच डिसेंबरात कादंबरीच्या दुसऱ्या भागाला गोंकूर पारितोषिक मिळालं. अभिनंदनाला प्रकाशक गालिमार दारात आला आणि सेलेस्तला कळेना, झोपलेल्या धन्याला उठवावं की नाही. ओदिलों लढाईतून परतला होता, तोही याच घरात. सेलेस्तची बहीण मारी आली. नात्यातली इव्होन आली, ती टंकलेखन करी. एका आजारी माणसाभोवती लोझेरचं एक छोटं गावच वसलं.

आता त्या कागदांबद्दल. प्रूस्त पलंगावर पडूनच लिहायचा, गुडघ्यांवर वही टेकवून. लिहिलेल्यात भर घालायचा, समासात, ओळींच्या मध्ये, पाठीमागे. जागा संपली की सुट्या चिठोऱ्यांवर. छापखान्यातून आलेली प्रुफंही अशीच भरून जात. चिठोरे हरवू लागले, त्यांची जागा कळेना. तेव्हा सेलेस्तनं सुचवलं: नवा मजकूर वेगळ्या कागदावर लिहा, मी तो पानाच्या कडेला जिथला तिथे डकवते आणि घड्या घालून आत दुमडते. आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्या वह्या उघडल्या की घड्या उलगडत जातात. काही पट्ट्या हातभर नव्हे, मीटरभराहून लांब आहेत. फ्रेंच साहित्यातलं सर्वांत गुंतागुंतीचं वाक्य कुठे सुरू होऊन कुठे संपतं, ते कळायला आज अभ्यासक ज्या जोडांवर अवलंबून आहेत, ते जोड खेड्यातल्या त्या बाईच्या हातचे आहेत. तिला घर सांभाळता येत नव्हतं म्हणे.

१९२२च्या वसंतात एक दिवस त्यानं तिला हसत सांगितलं की काल रात्री मोठी गोष्ट घडली, आपण ‘समाप्त’ हा शब्द लिहिला. आता मरायला मोकळा. तिनं त्याला हे बोलणं सोडायला लावलं. ऑक्टोबरात एका मेजवानीहून येताना त्याला सर्दी झाली आणि ती छातीत उतरली. भाऊ रोबेर प्रूस्त मोठा डॉक्टर. दवाखान्यात चल म्हणून त्यानं परोपरीनं विनवलं. मार्सेलनं ऐकलं नाही. भावालाही येऊ देऊ नये असं त्यानं सेलेस्तला बजावलं, आणि आणखी एक वचन घेतलं: शेवटी आपल्याला इंजेक्शनं देऊ द्यायची नाहीत. मरण लांबवण्यासाठी सुया टोचणं त्याला नको होतं.

१७ नोव्हेंबरच्या रात्री तो तिला मजकूर सांगत होता, कधी स्वतः लिहीत होता. पहाटे साडेतीनच्या सुमारास थांबला. दमलो म्हणाला, पण जाऊ नका. सांगितलेले कागद योग्य जागी डकवायला विसरू नका, हेही म्हणाला. सकाळी त्यानं थंडगार बिअर मागितली, रिट्झमधलीच. ओदिलों आणायला धावला. थोड्या वेळानं त्याला खोलीत एक लठ्ठ, काळ्या कपड्यांतली बाई दिसू लागली. सेलेस्त घाबरली आणि तिनं डॉक्टर बीझना बोलावलं, भावालाही बोलावलं. डॉक्टरांनी मांडीत सुई टोचली तेव्हा त्यानं चादरीखालून सेलेस्तचं मनगट धरलं आणि जोरात चिमटा काढला. वचन मोडल्याचं त्याला कळलं होतं. त्या दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास तो गेला. वय एक्कावन्न. त्या आधी कित्येक आठवडे तिनं अंथरुणाला पाठ टेकली नव्हती.

त्या चिमट्याची आठवण तिनं पन्नास वर्षांनीही काढली. आठ वर्षं शब्दाबाहेर न गेलेल्या बाईनं एकदाच आज्ञा मोडली, तीही जीव वाचेल या आशेनं, आणि तिच्या लेखी तोच तिच्या आयुष्यातला डाग. मला मात्र ती त्या एका क्षणी पूर्ण माणूस वाटते.

नंतरची कहाणी साधी आहे. तिनं आणि ओदिलोंनं र्यू दे कानेतवर एक छोटं हॉटेल चालवलं. मुलगी झाली. १९२३, १९२५ आणि १९२७ साली कादंबरीचे उरलेले भाग प्रसिद्ध झाले, प्रूस्त जगभर गाजला. त्याच्यावर पुस्तकांमागून पुस्तकं आली, आणि सेलेस्त गप्प राहिली. तू रोजनिशी लिही, ती माझ्या पुस्तकांपेक्षा जास्त खपेल, असं तो तिला चेष्टेनं म्हणायचा. तिनं लिहिली नव्हती. १९६०मध्ये ओदिलों वारला. पुढे तिनं माँफोर-लामोरी इथल्या, संगीतकार राव्हेलच्या जतन केलेल्या घराची राखण केली. मोठ्या माणसाच्या रिकाम्या घराचं दार उघडण्याचं काम तिला नवं नव्हतं.

तिनं तोंड उघडलं ते चरित्रकारांवरच्या रागानं. ज्यांनी तिच्या धन्याला पाहिलंही नव्हतं ते त्याच्याबद्दल वाटेल ते लिहीत होते. झॉर्झ बेलमों या लेखकानं तिच्या बोलण्याचं सत्तर तासांचं ध्वनिमुद्रण केलं आणि त्यातून १९७३ साली ‘मस्य प्रूस्त’ हे पुस्तक झालं. तेव्हा ती ब्याऐंशी वर्षांची होती. मुखपृष्ठावर लेखिका म्हणून तिचं नाव. पण पुस्तकाचं नाव त्याचं, आणि तेही तिनं त्याला ज्या नावानं हाक मारली तेच, ‘मस्य’ म्हणजे ‘महाशय’ या शब्दासकट.

या पुस्तकावर किती विसंबायचं? कॉफी, घंटा, टॉवेल, डकवलेले कागद, यांबद्दल पूर्ण. पण धन्याच्या अब्रूचा प्रश्न आला की ती साक्षीदार राहत नाही, पहारेकरी होते. आल्बेर ल कुझिया नावाचा माणूस पुरुषांसाठी कुंटणखाना चालवत होता, प्रूस्त तिथे जात होता, त्यानं आपल्या आई-वडिलांच्या घरातलं फर्निचर तिथे दिलं होतं, हे सगळं सर्वांना ठाऊक. सेलेस्तचं म्हणणं एवढंच की तो पुस्तकासाठी माहिती गोळा करायला जात असे, बाकी काही नाही. त्याच्या पुरुषांवरील प्रेमाबद्दल तिनं शेवटपर्यंत कानांवर हात ठेवले. खोटं बोलत होती असं मी म्हणणार नाही. तिला जेवढं दिसू द्यायचं तेवढंच त्यानं तिला दाखवलं असणार, आणि तिनंही त्यापुढे पाहायचं नाही असं ठरवलं असणार. एकनिष्ठ माणसाला सत्याची एवढी किंमत मोजावी लागतेच. फक्त ती किंमत सेलेस्तनं एकटीनं मोजली नाही, अभ्यासकांनाही मोजावी लागली.

तिच्याच सांगण्यानुसार, प्रूस्तच्या आज्ञेवरून तिनं बत्तीस काळ्या वह्या चुलीत घातल्या. त्यांत आधीचे कच्चे खर्डे होते. काही अभ्यासक या आकड्यावर शंका घेतात, ती घ्यायला जागाही आहे. तिला मात्र त्यात हळहळ करण्यासारखं काही वाटलं नाही. सांगितलं, जाळलं. कागद जपणारे आणि जाळणारे हात एकच होते, आणि दोन्ही कामं त्याच श्रद्धेनं झाली. एका लेखकाच्या वारशाचा निवाडा स्वयंपाकघरात झाला, याचं इतिहासकारांना वाईट वाटतं ते समजण्यासारखं आहे. पण तो निवाडा लेखकाचाच होता.

आपण आयुष्य वाहून टाकलं असं तिला वाटतं का, असा प्रश्न तिला या ना त्या रूपात पुन्हा पुन्हा विचारला गेला. ‘त्याग’ हा शब्द तिनं मानला नाही. आपण तिथे सुखात होतो, इतकं पुन्हा कधी नव्हतो, असंच तिचं सांगणं. यावर आपण विश्वास ठेवायचा की लाखो मोलकरणींना असंच म्हणायची सवय लावलेली असते असं समजायचं? मला वाटतं दोन्ही खरं आहे. त्या व्यवस्थेनं तिच्यापुढे फार वाटा ठेवल्या नव्हत्या; पण मिळालेल्या वाटेवर तिला जे सापडलं ते दुसऱ्या कुठल्या नोकरीत सापडलं नसतं, हे तिला पक्कं कळलं होतं. सहाव्या मजल्यावरच्या हजारो मुलींना अशी वाट मिळाली नाही. त्यांच्याबद्दल पुस्तकं नाहीत.

१९८१च्या सुमारास फ्रेंच सरकारनं तिला कला आणि साहित्यासाठीचा सन्मान दिला. जर्मन दिग्दर्शक पर्सी आडलोननं तिच्यावर ‘सेलेस्त’ हा चित्रपट काढला. त्यात बराच वेळ ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर घंटेची वाट पाहत बसलेली आहे. २५ एप्रिल १९८४ रोजी ती वारली, ब्याण्णव वर्षांची होऊन.

ज्यांना सात भागांची कादंबरी वाचायला सवड नसेल, त्यांनी निदान चौथ्या भागातली बाल्बेकच्या हॉटेलातली थोडी पानं काढून पाहावीत. तिथे मारी आणि सेलेस्त या दोन बहिणी आहेत, त्यांच्या खऱ्या नावांनिशी. मोलकरणींचंच काम करतात. निवेदक अंथरुणात बसून दुधात क्रॉसां बुडवून खातो आहे, आणि डोंगराकडची सेलेस्त त्याच्यासमोर त्याची थट्टा करते, त्याला नावं ठेवते, उपमांवर उपमा रचते, जराही भीडभाड न ठेवता. ती पानं आधी वाचा, आणि मग तिचं स्वतःचं पुस्तक. उभी राहून ऐकणारी बाई प्रूस्तच्या कानांना कशी ऐकू येत होती, ते या क्रमानं वाचलं तरच कळेल.